एक्केचाळीस हात

माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. आमच्या गावातून तोवर एकही मुलगी सातवी पास झालेली नव्हती, आणि हिला तर पुढं मास्तरीण व्हायचं होतं.

शाळेमागं वेड्या बाभळींची दाट झाडी होती. तिथं साप निघाला म्हणून झाडी तोडायचं घाटत होतं. मी शाळा समितीत होतो. हिशेबी माणूस म्हणून नोंदवही माझ्याकडं. सेनगावहून आलेले शिक्षण खात्याचे साहेब म्हणाले, "शाळा लेकरांची आहे. एकदा त्यांनाही विचारा."

"घ्या! आता लेकरं पंचायत चालवणार," सरपंच हसले. पण विचारायचं ठरलं.

त्या सकाळी भाकरी थापता थापता मुलगी म्हणाली, "बाबा, ती झाडी राहू द्या."

"काहून?"

"अशीच."

"अशीच हे काही कारण न्हाई," म्हणत मी चपला घातल्या.

शाळेसमोर लेकरं ओळीनं उभी केली. भोवती आम्ही वीस-बावीस पुरुष. सरपंच ओरडले, "साप चावून मरायचं असंल त्यानं हात खाली ठेवावा!" पोरं खिदळली. हात वर गेले. मी मोजले. चाळीस. एक कमी होता, माझ्याच मुलीचा. मी तिच्याकडं नुसतं पाहिलं. तिनं हात वर केला. मी वहीत लिहिलं : एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस. आकडा बरोबर होता.

दोन दिवसांत झाडी साफ झाली. शाळेमागं उघडा माळ राहिला. दिवाळीपर्यंत नऊ मुलींतल्या चारच येत होत्या. माझ्या मुलीला ताप येऊ लागला, ओटीपोटात दुखू लागलं. तेव्हा बायको म्हणाली, "दिवसभर पानी पीत न्हाई ती. पोरी त्या झाडीतच जात व्हत्या. आता लघवीला कुठं जावं त्यायनं? एवढ्या गड्यांम्होरं हे लेकरू सांगंल का?"

मी सरपंचांकडं गेलो, शाळेमागं आडोसा करू म्हणालो.

"समद्यांनी हात वर केले, तुमीच मोजले," ते म्हणाले. "आता कायची तकलीफ?"

शेवटी तुराट्यांचा आडोसा मी एकट्यानं बांधला. तोवर शाळेत एकही मुलगी येत नव्हती. माझी सगळ्यांत शेवटी घरी बसली.

दोन वर्षांनी तिला पाहायला पाहुणे आले. बैठकीत पंधरा माणसं. मी सगळ्यांदेखत विचारलं, "पसंत हाय का, बाई?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग मान हलवली. तो मी होकार धरला.