दोन निळ्या टाक्यांसाठी प्रार्थना

गुरुवार, ९ फेब्रुवारी. सकाळी गारठा, नंतर ऊन. एकतीस शर्ट, आठ अभ्रे. मुलाची पट्टी बदलून आणली. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली, अंगठा आणि करंगळी आहे. कारखान्याचा कागद आला: ‘अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे.’ खाली मॅनेजरची सही. दुपारी इस्त्री करताना नको ते बोलले.

नको ते म्हणजे काय, हे तिने लिहिलं नाही. सत्तेचाळीस वर्षं रोजनिशी लिहिणारी, दूध नासलं तरी वेळ नोंदवणारी बाई. पण ते एक वाक्य तिने गाळलं.

गल्लीत तिला सगळे ‘घडीवाली’ म्हणत. कॉन्व्हेंटच्या शिवणवर्गात सिस्टरांनी तिला रफू, काजं आणि घडी शिकवली. वाकडी घडी दिसली की सिस्टर शर्ट झटकून पुन्हा हातात देत. नवरा गेल्यावर त्याच घडीने घर सावरलं. बाहेरच्या खोलीत लांब टेबल, त्यावर जाड चादर, आणि भिंतीला लागून गिऱ्हाइकांचे गठ्ठे. गठ्ठे ओळखायला कॉलरच्या आत रंगीत टाके: एक लाल, तीन पिवळे, दोन निळे. नातवंडांना ती नावं सांगत नसे. नावं कळली की मुलं गल्लीभर वाजवत फिरतात.

पण प्रार्थना मात्र शिकवली होती. सहा वर्षांची नात, जिला तोंडाच्या पट्ट्यामुळे घरात ‘टिकटिक’ म्हणत, आणि चार वर्षांचा गोटू. शर्टाची घडी झाली की दोघांनी त्यावर हात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि ज्याचा शर्ट त्याच्यासाठी मनातल्या मनात मागायचं; रोज दिवेलागणीला पुन्हा सगळ्यांसाठी.

“नुसतं ‘त्याचं भलं कर’ नको,” आजी दटावायची. “देवाला काय, मोघम चिठ्ठी पाठवायची? काय हवंय ते नीट सांगा.”

“पण आजी, याला काय हवंय ते मला कसं कळणार?”

“शर्ट बघ. खांद्याला घाम आहे? मग दमतो. त्याला विसावा माग.”

चादरींना इस्त्री करायच्या कारखान्यात तिचा मुलगा चौदा वर्षं चादरी दाबणाऱ्या गरम रुळांच्या मशीनवर होता. रुळांपुढची लोखंडी जाळी महिनाभर निखळलेली होती. त्याने मॅनेजरला तीनदा सांगितलं. “बसवू की,” असं उत्तर तीनदा मिळालं. चौथ्यांदा सांगायची वेळ आली नाही.

आणि त्या मॅनेजरचेच शर्ट घरी येत. दोन निळे टाके. सून म्हणाली, “आई, परत पाठवा तो गठ्ठा. हात कसा लावता तुम्ही?”

“शर्टाचा काय दोष?” असं ती म्हणाली खरी, पण तो कागद वाचून तळपायाची आग मस्तकात गेली होती. इस्त्री कॉलरवर दाबत ती दातओठ खात बोलली, “या दोन निळ्या टाक्यांचा उजवा हात त्याच रुळांत जाऊ दे. मनगटापर्यंत. मग लिहू दे निष्काळजीपणा!”

टेबलाच्या टोकाला दोन्ही मुलं पाय हलवत बसली होती.

त्यानंतर अकराव्या दिवशी, मॅनेजरचा ड्रायव्हर रजेवर असल्याने, मॅनेजर स्वतः गठ्ठा न्यायला आला. दारातच म्हणाला, “काय आजी, बरं आहे ना? चिरंजीव काय म्हणतात?”

चिरंजीव आतल्या खोलीत खाटेवर होते. तिने गठ्ठा पुढे सरकवला. टिकटिकने वरच्या शर्टाची कॉलर उलटून पाहिली आणि तिचा चेहरा फुलला.

“तुम्ही दोन निळे टाके? आम्ही तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतो!”

“अरे वा! गुणी आहेत हो मुलं. काय मागता माझ्यासाठी?”

“तुमचा उजवा हात रुळांत जाऊ दे. मनगटापर्यंत.” मुलगी धडा म्हणावा तशी म्हणाली. “गोटूला मनगट म्हणता येत नाही. तो नुसता हात म्हणतो.”

मॅनेजरचं हसू जागच्या जागी थिजलं. मग तो म्हणाला, “हे शिकवता लहान मुलांना? आणि दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसता!”

“मीच शिकवलं,” ती म्हणाली. “पोरीला एक शब्द बोलायचा नाही. मी बोलले ते रागाने बोलले. तुम्ही लिहिलंत ते शांतपणे, टेबलावर बसून लिहिलंत. जाळी होती का? सांगा ना, होती का जाळी?”

“त्याची चौकशी झालीय.”

“कोणी केली? तुम्हीच ना?”

त्याने गठ्ठा उचलला आणि तो पायऱ्या उतरून गेला. सून पदराने तोंड पुसत म्हणाली, “बरं झालं! मोठ्यांना जमलं नाही, ते पोरीने तोंडावर सांगितलं.”

“बरं झालं?” ती सुनेवर उसळली. “अकरा दिवस ही पोर हात जोडून माणसाचा हात मागतेय! मी दिलं तिला हे. आणि तुला टाळ्या सुचतात?”

आतून मुलगा दाराशी आला. पट्टीतला हात छातीशी धरलेला.

“आई, त्याच्यावर माझाही राग आहे. पण हात आत जाताना एक आवाज होतो. तो मी ऐकलाय. तो कोणाच्याही नावाने माझ्या पोरीच्या तोंडात नको.”

तिने इस्त्रीची वायर खस्सकन उपटली. राग कुणावर काढावा कळेना: मॅनेजरवर, सुनेवर, सगळं ऐकत गप्प बसलेल्या देवावर, की स्वतःच्या जिभेवर.

दिवेलागणीला मुलं प्रार्थनेला बसली. टिकटिकचा चेहरा उतरला होता. “आजी, मी चुकीचं मागितलं?”

“मी चुकीचं शिकवलं.”

“मग त्यांना आता गाळायचं?”

गाळ, हा शब्द जिभेवर आलाच होता. गाळणं किती सोपं असतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिने दीर्घ श्वास घेतला.

“नाही. कुणालाच गाळायचं नाही. त्याला काय हवंय, ते मला आज नीट दिसलं. माग, की याला खरं लिहायची हिंमत दे. जाळी नव्हती, हे लिहायची.”

“आणि हात?”

“हात शाबूत राहू दे. लिहायला लागेल.”

“तुझा राग गेला?”

“नाही गेला. डोळे मीट.”

या वेळी तिने मुलांना मोठ्याने मागायला लावलं आणि शब्दन् शब्द ऐकला. गोटूने ‘हिंमत’चं ‘हिंमट’ केलं. तिने ते दुरुस्त केलं नाही. ‘आमेन’ मात्र तिने दाताने दोरा तोडावा तसं म्हटलं.

मग रोजनिशी उघडून, त्या गुरुवारचं गाळलेलं वाक्य तसंच गाळलेलं ठेवून, तिने लिहिलं: स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे. खाली बादली ठेवली.