तीन निर्मळ वर्षं

ओझबोल्ट हाफनर पुस्तकं बांधायचा. लोका नावाच्या गावात सगळे म्हणायचे, हा माणूस पुस्तकं बांधतो, वाचत मात्र नाही. ते काही खरं नव्हतं. त्याने एक पुस्तक वाचलं होतं आणि ते एकच त्याला जन्मभर पुरलं.

तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, सम्राटाच्या पलटणीत. एका रविवारी प्रार्थना संपल्यावर पलटणीच्या पाद्र्याने तरुणांना चार हिताच्या गोष्टी सांगणारी एक पुस्तिका वाटली. दारू झाली, पत्ते झाले आणि सातव्या प्रकरणात हस्तमैथुन. हा शब्द अर्थातच कुठे नव्हता, ‘मुकं पाप’ म्हटलं होतं. परिणाम मात्र अगदी खुलासेवार दिले होते: मणका सुकतो, नजर जाते, डोकं फिरतं आणि अशा माणसाने लग्न केलंच तर पोरं रोगट निपजतात. उपाय एकच. सलग तीन वर्षं निर्मळ राहावं, मगच भल्या घरच्या मुलीला मागणी घालावी. बाकीच्या शिपायांनी खो खो हसून त्याच पानांत तंबाखू वळली. ओझबोल्टने आपली प्रत जपून घरी आणली.

भल्या घरची मुलगी ठरलेलीच होती. अपोलोनिया, चर्चच्या पायऱ्यांखाली मेणबत्त्या आणि साच्यात भाजलेल्या, मध घातलेल्या गोड पोळ्या विकणाऱ्या बाईची लेक. साच्यातून काढताना मोडलेली पोळी ती दर रविवारी त्याच्यासाठी बाजूला ठेवायची आणि म्हणायची, “घे, तुझ्यासारखीच आहे, अर्धवट.” तो हसायचा, पोळी खायचा आणि मनात म्हणायचा, तीन वर्षं थांब गं.

भिंतीवरच्या पंचांगात तो निर्मळ दिवसाला एक टिंब द्यायचा. चुकला की पापाची कबुली द्यायला जायचा आणि टिंबं पहिल्यापासून सुरू. एकदा स्वारी दोन वर्षं पाच महिन्यांपर्यंत पोचली होती. तेव्हा त्याने लग्नासाठी कोटाचं कापडही बघून ठेवलं होतं. मग त्याची आई गेली, घर खायला उठलं आणि टिंबं पुन्हा एकपासून. एकटेपणामुळे तो चुकायचा आणि चुकल्यामुळे आणखी एकटा राहायचा. एवढी साधी गोष्ट त्याला सांगणारं कुणी नव्हतं, कारण त्याने कुणाला विचारलीच नव्हती. चाळिशी उलटली तशी त्याने टिंबं देणं सोडलं. रविवारची पोळी तेवढी चालू राहिली.

एकोणीसशे छत्तीस सालच्या वसंतात नवे तरुण पाद्री, फादर गाश्पेर, छापील कागदांचा गठ्ठा घेऊन दुकानात आले. “काका, आमच्या तरुण मंडळासाठी दोनशे प्रती बांधून हव्यात.” तीच पुस्तिका होती, नवी आवृत्ती. ते गेल्यावर ओझबोल्टने सातवं प्रकरण काढलं. चष्म्याशिवाय वाचलं, चोपन्नाव्या वर्षीही तो सुईत दोरा एका झटक्यात ओवायचा. पाप अजून पापच होतं. पण मणका गेला होता, आंधळेपण गेलं होतं, वेड गेलं होतं. तळाला बारीक अक्षरांत एक ओळ होती: ‘जुन्या आवृत्तीतील काही विधाने वैद्यांच्या मते निराधार असल्याने गाळली आहेत.’

तो कागद हातात घेऊन तो पाद्र्यांच्या घरी गेला.

“फादर, यातली तीन वर्षं कुठे गेली?”

“कसली तीन वर्षं?” फादरांनी पान पाहिलं. “ती होय! कुणीतरी आपल्या पदरचं घातलं होतं हो. पोरांना जरा धाक बसावा म्हणून. असलं कुणी मनावर घेतं का, काका?”

“छे,” ओझबोल्ट म्हणाला. “कोण घेतंय.”

तिथून तो तडक मेणबत्त्यांच्या दुकानात गेला. अपोलोनिया एकटीच होती. तिनेही लग्न केलं नव्हतं. दोन स्थळं आली होती, तिने परतवली होती. कानांपर्यंत लाल होत, जमिनीकडे बघत त्याने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्याला वाटलं, ही आता हसेल. ती हसली नाही.

“आम्हा मुलींनाही एक पुस्तक वाटलं होतं,” ती म्हणाली. “त्यात होतं, भला माणूस येतो-जातो पण मागणी घालत नसेल, तर मुलीने आपल्यातला दोष शोधावा.”

“मग?”

“मग काय, शोधला की. आधी वाटलं, मी फार चेष्टा करते. चेष्टा सोडली. तुला कळलंसुद्धा नाही. मग वाटलं, माझा मामा वेड्यांच्या इस्पितळात गेला, तेच असणार. त्याला भेटायला जाणं सोडलं. तो तिथेच वारला, ओझबोल्ट. एकटा.”

“तुझ्यात काही नव्हतं गं.”

“हे आज सांगतोयस.”

त्याच्या ओठांवर मागणी तयार होती, बत्तीस वर्षांपूर्वीची. त्याने तोंड उघडलं. तिने हात वर केला.

“आज काही विचारू नकोस. आणि थोडे दिवस येऊही नकोस,” ती म्हणाली. “मला एकदा तुझा नीट राग येऊ दे. इतकी वर्षं तो मी माझ्यावरच काढला.”