ड्रेनेजच्या पाइपामागचा पिंपळ

कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध घेतलं की माणसाचा मुक्काम संडासातच असतो. तिथल्या खिडकीतून मला ड्रेनेजच्या पाइपामागे भिंतीतून उगवलेला पिंपळ दिसला. चारच पानं, पण जागा मालकीची असल्यासारखी डुलत होती. तीन वर्षांपूर्वी, याच तपासणीच्या आदल्या दिवशी, इथेच बसून मी तो पाहिला होता आणि सोसायटीकडे तक्रार करून छाटून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "मागच्या वेळी आतड्याच्या भिंतीवर वाढलेला पॉलिप काढला होता ना, तिथेच पुन्हा एक आलाय. बारीकसाच आहे. काढून टाकला."

"मुळासकट?"

"दिसला तेवढा सगळा. तरी तीन वर्षांनी या."

आपल्याकडे निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतं. पॉलिपही मागच्या वेळी तसंच म्हणाला असणार. मला भूल दिली होती, म्हणून ऐकू आलं नाही.

घरी आल्यावर सगळा राग पिंपळावर निघाला. प्लंबरला बोलावलं. त्याने शिडीवर चढून आधी पिंपळाला हात जोडले, मग कोयता काढला.

"वरवर नको, मुळासकट काढ," मी खालून बजावलं.

"काका, मूळ पार आत गेलंय. ते काढायचं तर भिंत फोडावी लागेल."

माझा हात आपोआप पोटावर गेला.

"राहू दे, वरूनच छाट," मी म्हणालो. "आणि तीन वर्षांनी ये."