आईची ओटी

मी मुळातच संशयी माणूस. कात्रपच्या फ्लॅटचं दार लावून निघालो की निम्म्या जिन्यावरून परत वर जातो आणि कुलूप ओढून बघतो. बायको म्हणते, एक दिवस कुलूपच म्हणेल, अहो, जा आता. त्यामुळे आमच्या मजल्यावरच्या काकूंनी कुणा भामट्याला फोनवर ओटीपी सांगितला आणि त्यांच्या नावाने सगळ्या नातेवाइकांना भलतेसलते मेसेज गेले, तेव्हा मला पहिली आठवण झाली ती आईची.

बाबा गेल्यापासून आई उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या आमच्या जुन्या घरात एकटी राहते. खाली जीन्स शिवायचे कारखाने, समोर एका सिंधी गृहस्थांचं दुकान. ओटीपी आला की चष्मा शोधायचा आईला कंटाळा. भाजीसाठी गॅलरीतून सोडायची दोरीची पिशवी होती, तिच्यात ती फोनच घालून खाली सोडायची. दुकानदार फोन काढून मशिनांच्या खडखडाटावर आवाज चढवायचे, "हां आंटी, लिखो! चार, सात, दो..." अख्ख्या गल्लीला आईचा ओटीपी पाठ.

एका रविवारी हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. दुपारभर बसून गॅस, बँक, ईमेल, हॉस्पिटलची फाइल, जिथे जिथे तिचा नंबर होता तिथे तिथे माझा टाकला. पासवर्ड बदलले. एकही तिच्या लक्षात राहण्यासारखा नव्हता, आणि मला त्याचाच अभिमान वाटत होता.

"म्हणजे आता माझी ओटी तुझ्याकडे येणार?" आई म्हणाली.

"अगं, ओटी नाही, ओटीपी."

"तेच ते. तुझे बाबा गेल्यापासून माझी ओटी कुणी भरत नाही. ही एक येत होती, ती पण तू आपल्या पदरात घेतलीस."

मी हसलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहाच्या वेळी हा किस्सा रंगवून सांगितला. आता आठवलं की लाज वाटते.

मग सुरू झाले फोन. गॅसवाला दारात उभा, आई मला फोन लावतेय, आणि मी अंबरनाथच्या कारखान्यात मीटिंगमध्ये. तो बिचारा सिलिंडर घेऊन परत गेला. संध्याकाळी आईने ऐकवलं, "भीक नको पण कुत्रं आवर, असं झालंय बघ तुझं." पुढे पुढे फोन कमी झाले. सगळं सुरळीत चाललंय असं मी समजलो. ती साध्या साध्या कामांसाठी स्वतः जाऊन रांगेत उभी राहते, हे मला बरंच उशिरा कळलं.

असाच एक मंगळवार. तीनच्या सुमाराला मेसेज आला, रिपोर्टची लिंक आणि तो पाहण्यासाठी ओटीपी, दहा मिनिटांपुरता. मी तर कसली तपासणी केली नव्हती. आईच्या हॉस्पिटलच्या फाइलवर आता माझा नंबर आहे, हे लक्षात येईपर्यंत तिचा फोन वाजला.

"एक ओटी आली असेल. सांग जरा."

"कसली?"

"गॅसची."

आई माझ्याशी कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. "अजून नाही आली, आली की सांगतो," असं म्हणून मी फोन ठेवला. म्हणजे खोटं मीही बोललो. मग लिंकवर बोट ठेवू नका असं जगाला सांगत फिरणाऱ्या मी त्या लिंकवर बोट ठेवलं आणि ओटीपी टाकला.

स्तनाची सोनोग्राफी होती. डाव्या बाजूला गाठ. पुढचं सगळं डॉक्टरी इंग्रजी. एकेक शब्द शोधत गेलो. शेवटी अर्थ लागला, गाठ साधी आहे, सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. जीव भांड्यात पडला, पण बसवेना. साहेबांना काहीतरी थाप मारली, शेअर रिक्षा पकडली आणि कॅम्प तीन गाठलं.

आईने दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"वाचलंस."

"हो. आई, काही नाहीये. साधी गाठ आहे."

मला वाटलं, ती सुटकेचा श्वास सोडेल. ती पलंगावर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मी वाचलं नव्हतं अजून," ती म्हणाली. "माझ्या अंगाचं मला आधी कळायला हवं होतं."

"पण मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू आधी घाबरला असतास. मग मी माझी भीती सांभाळू की तुझी?"

मी तिथेच बसून सगळीकडे पुन्हा तिचा नंबर टाकला. पासवर्ड घालायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "तिकडे तोंड कर." चाळिशी उलटलेला मी, भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे ती एकेक अक्षर पुटपुटत शोधत होती. ऐकू येऊ नये म्हणून मी घसा खाकरत राहिलो.

ते सहा महिने उलटून आता तीन आठवडे झालेत. दुसरा रिपोर्ट तिच्या नंबरवर आला असणार. रविवारी गेलो होतो. तिने पोहे केले, वर भरपूर खोबरं घातलं. मी फक्त एवढंच विचारलं, "बरी आहेस ना?"

"बरी आहे की," ती म्हणाली.

माझ्याशी खोटं बोलायला ती माझ्यामुळेच शिकली. आता खरं कोणतं ते मला ओळखता येत नाही.