नाडीवरचे कुंकवाचे ठिपके
परवा जुन्या पेटीत आईच्या परकराची नाडी सापडली आणि डांबरगोळ्यांच्या वासासकट रायपूरचा तो हिवाळा अंगावर आला. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं, बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी माझ्या लग्नाची तयारी चालली होती, आणि आईच्या गर्भाशयात गाठ होती. ऑपरेशन लग्नानंतरच करायचं, असं तिनंच ठरवलं. तोवर दर महिन्याला एक इंजेक्शन. त्यानं पाळी थांबते आणि गाठ सुकते. "सुकायची सोडून वाढली, तर त्याच दिवशी या," समता कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. इंजेक्शनामुळं आई ऐन थंडीत घामानं भिजायची, नाडीनं पोट मोजायची आणि मापावर कुंकवाचा ठिपका लावायची. दुसरा ठिपका पहिल्याच्या आत आला. तिसऱ्या वेळी तिनं दार लोटून घेतलं. "काहून वो आई?" दार उघडून तिनं नाडी पुढं केली. "काही नाही पोट्टे, हे पाह्य, अजून दोन बोटं आत!" माझा जीव भांड्यात पडला आणि मी सदर बाजारात बांगड्या भरायला गेले. परवा नाडी उजेडात धरली, तेव्हा पहिल्या ठिपक्याच्याही चार बोटं बाहेर, ओल्या बोटानं पुसलेला एक लाल डाग दिसला. लग्नाच्या फोटोत ती पोटावरून पदर ओढून हसते आहे. त्यानंतरचा तिचा एकही फोटो नाही.