न बसलेले सरपंच

ग्रामसभेत उत्तमकाका बोलायला उठले की आधी सदऱ्याच्या दोन्ही बाह्या वर सारायचे, आता कुस्तीच खेळायची आहे असे! मग समोरच्या टेबलाकडे बघून म्हणायचे, "माह्याजवळ खुर्ची नाई, पण तोंड तं हाये ना बाप्पा!" आणि सुरू. बंद पडलेल्या हातपंपापासून शाळेच्या गळक्या छपरापर्यंत काही म्हणून सोडायचे नाहीत. टेबलामागचे घामाघूम, आणि आम्ही बायका मागे तोंडाला पदर लावून हसतोय. काय रंगत यायची म्हणून सांगू! काका जाऊन आता दोन वर्षं होतील. पण देवळीजवळच्या आमच्या गावात 'सरपंच' म्हटलं की म्हातारे अजून विचारतात, "कोनते? बसलेले का न बसलेले?"

न बसलेले म्हणजे आमचे काका. त्यांचं घर माझ्या माहेरच्या घरासमोर. मी बोरगाव मेघेला राहते, शाळेत शिकवते, पण गावात निवडणूक लागली की माझे पाय इकडे टिकत नाहीत. एका वर्षी सरपंच थेट लोकांनी निवडायचा होता. काका उभे राहिले आणि दणक्यात निवडून आले! गुलालाने माखलेल्या काकांना कुसुमकाकू ओवाळत होत्या आणि काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"नंदे, मले त्या खुर्चीचा लय शौक हाये, खोटं काऊन बोलू?" ते मला म्हणाले. "पोट्टा होतो तवापासून पाहून राह्यलो तिच्याकडे. एक डाव तिच्यात बसून गावाचं काम कराचं हाये."

पण पडलेला उमेदवार गप्प बसतोय होय! पहिल्या सभेच्या आतच त्याची तक्रार वर्ध्याला कलेक्टरसाहेबांकडे पोचली. काकांच्या घरापुढचा ओटा सरकारी रस्त्यावर आलाय म्हणे. अतिक्रमण असलं की सरपंचपद जातं, तसा कायदाच आहे. आणि खरं सांगते, ओटा आलेला होताच पुढे. काकांनी तो स्वतः बांधला होता, घोटून घोटून गुळगुळीत केला होता. एसटीची वाट बघणारे, बाजारातून ओझं घेऊन आलेल्या बाया, सगळे तिथेच टेकायचे. काकूंचा अर्धा दिवस त्यांना पाणी देण्यात जायचा. काकांनी जाहीर करून टाकलं, "निकाल लागू द्या, मंग बसतो. डागाची खुर्ची मले नाई पाह्यजे."

सुनावणीला मी रजा टाकून गेले. वकिलाने काकांना वाटेभर पढवलं होतं, "ओटा जुना आहे, गावाचा आहे, एवढंच म्हणायचं." साहेबांनी फोटो पुढे केला आणि विचारलं, "हा ओटा कोणी बांधला?"

काकांनी फोटो हातात घेतला आणि घात झाला. चेहरा असा फुलला त्यांचा! "मीच बांधला ना साहेब! थो कोपरा पाहा. इतके पावसाळे गेले, एक भेग नाई पडली!"

वकिलाने कपाळावर हात मारून घेतला. साहेबांनाही हसू आवरेना, पण हसून कायदा थोडाच बदलतो? काका अपात्र ठरले.

निकाल कळला तेव्हा मी त्यांच्याशी भांडलेच. "काका, एवढंसं खोटं बोलला असता तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"अवं, आपल्या हातचं काम आपलं नाई म्हणाचं? मंग गावाचं काय खाक काम करीन मी?" एवढं म्हणाले, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. इतका बोलका माणूस, पण त्या दिवशी जेवायलाही उठला नाही. मला फार फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मात्र सब्बल घेऊन स्वतःच ओटा फोडायला लागले. "मीच बांधला, मीच पाडतो!" आणि पुढची सगळी वर्षं एकही ग्रामसभा त्यांनी सोडली नाही.

पुढच्या निवडणुकीला सरपंचपद महिलांसाठी राखीव निघालं. झालं! सगळं गाव काकांच्या दारात. "काकूले उभं करा. नाव तिचं, कारभार तुमचा!" आमच्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बाई सही करते, नवरा शेजारी खुर्ची टाकून बसतो आणि लोक त्यालाच सरपंचसाहेब म्हणतात. मलाही वाटलं, चला, आडवाटेने का होईना, काकांची हौस फिटेल.

काका भडकले. "थे निवडून आली तं थेच बसन! मी काय तिच्या सहीचा मालक हाओ?"

काकू निवडून आल्या. पहिल्या ग्रामसभेला शिपायाने सवयीने टेबलामागे दुसरी खुर्ची आणून ठेवली. काकांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लोकांत सतरंजीवर बसले आणि सभा सुरू होते न होते तोच ताडकन उठले. "सरपंचबाई! नालीचं काय करून राह्यले तुमी?"

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "पहिले खाली बसा. हात वर करा, नंबर आला की बोलजा."

अख्खी सभा खदखदून हसली! आणि आमचे काका, ज्यांनी भल्याभल्यांना घाम फोडला, ते मुकाट्याने खाली बसले आणि हात वर करून वाट पाहत राहिले.

सभा संपली, लोक पांगले. मी काकूंसाठी थांबले होते. काकू खुर्चीवरून उठल्या आणि हळूच म्हणाल्या, "आता कोनी नाई. बसा ना एक डाव. मले म्हाईत हाये तुमच्या मनातलं."

काका टेबलामागे आले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. बसा ना काका, बसा, असं ओरडावंसं वाटत होतं.

त्यांनी मान हलवली.

"लोकाइनं सांगतलं होतं बस म्हणून, तवा नाई जमलं. आता कोनी पाहून नाई राह्यलं म्हणून बसू?" त्यांनी काकूंच्या खांद्याला धरून त्यांना परत खुर्चीत बसवलं. "तुही कामं राह्यली असतीन. निवांत करून येजो."

आणि सरपंचांसाठी भात टाकायला काका घरी गेले.