थायमसची शिकवणी

भूकंपात माझे आई-बाप गेले तेव्हा मी तान्ही होते. नांदेडच्या मामीनं मला उचलून नेलं आणि स्वतःच्या लेकीबरोबर अंगावर पाजलं. मी तिला आईच समजत होते, तोंडानं फक्त मामी म्हणायचे एवढंच.

बारावीला आम्हां दोघींना लातूरला क्लासला घातलं. तिथला कायदा सरळ होता. दर रविवारी टेस्ट, सोमवारी यादी. पहिल्या तुकडीत जागा मोजक्या, एक वर चढली की एक खाली. थोरले सर फक्त पहिल्या तुकडीला शिकवायचे, बाकीच्यांच्या नशिबी नोट्सच्या झेरॉक्स. मामांनी बजावलं होतं, घसरेल तिनं सामान बांधून घरी यायचं, मग स्थळं बघू. माझी बहीण काठावर होती.

त्या आठवड्यात सरांनी रोगप्रतिकारशक्ती शिकवली. टी-पेशी अस्थिमज्जेत जन्मतात, पण कच्च्या. पिकायला त्या छातीच्या हाडामागं, थायमसमध्ये जातात. तिथं दोनदा चाळणी लागते. जिला शरीराची ओळखच पटत नाही ती बाद. जी आपल्याच शरीरावर उठते तीही बाद. बहुतेक तिथंच मरतात, थोड्याच रक्तात उतरतात. बहिणीच्या डोक्यात काही शिरेना. "लई किचकट हाय गं," म्हणत ती रडकुंडीला आली. मला ताप भरला होता, तरी शनिवारी अंथरुणातून मी तिला ते तीनदा समजावलं.

रविवारी सकाळी तिनं माझं पांघरूण सारखं केलं. "आजची टेस्ट रद्द झाली बघ. तू पड गप." मी मूर्खासारखी गाढ झोपले.

सोमवारी यादीत मी गैरहजर, म्हणजे पहिल्या तुकडीतून बाहेर. ती पहिल्या तुकडीत कायम, थायमसच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी. जाब विचारला तर खाली मान घालून चपलेचा पट्टा लावत बसली. केसानं गळा कापला होता तिनं.

कॉइन बॉक्सवरून मामीला फोन लावला, रडत रडत सगळं सांगितलं. वाटलं, मामी लेकीला फाडून खाईल, मामांची समजूत घालून मला राहू देईल.

"तिनं मला इचारूनच केलं," मामी म्हणाली. "तू हुशार हायस, कुठंबी निभावशील. तिचं तसं न्हाई. उद्या अहमदपूरवरून नांदेडला येणारी गाडी धर."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

"अन् जाताना तिला काई बोलू नकोस. अभ्यास बिघडंल तिचा."